खाडीकाठचे रीळ

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली नाक्याला उतरणाऱ्या माणसाला इथे जवळपास खाडी असेल, असे मुळीच वाटत नाही. दिसतात ती गोदामे. पत्र्याची, लांबच लांब, एकासारखी एक. कंटेनरच्या रांगा, चहाच्या टपऱ्या, पाठीवर खोकी वाहणारी पोरे. पण गोदामांच्या मधल्या रस्त्याने दक्षिणेकडे चालत राहिले की हळूहळू डांबर संपते, खारट कुबट वास येतो, तिवरांची हिरवी भिंत लागते आणि तिच्यापलीकडे उल्हास नदी दिसते. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली ही नदी कल्याणच्या खाली नदी उरत नाही, खाडी होते. दिवसातून दोनदा समुद्र तिच्यात शिरतो आणि दोनदा निघून जातो. जवळचे अंजूर हे गंगाजी नाईकांचे गाव. १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत ज्यांचे नाव घेतले जाते, ते हे नाईक. त्या काळी या पाण्यातून गलबते ये-जा करीत. आता डोक्यावरून मोठागावला जाणारा पूल आहे आणि खाली आम्ही चार-सहा माणसे गळ टाकून बसलेली असतो.

आम्ही म्हणजे मी, नोकरीतून निवृत्त झालेला, गुडघे धरून बसणारा एक माणूस, आणि बाकीची पोरे. ती पोरे याच गावांमधली, बहुतेक आगरी. वडिलांनी शेती केली, पोरे गोदामात लागली. पण भरती कधी, सुकती कधी, हे त्यांना अजून घड्याळाशिवाय कळते. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते, हा हिशेब मी पुस्तकात वाचला होता. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. ‘पण तो मुंबईच्या किनाऱ्याचा हिशेब, काका. आपल्याकडे पाणी चढायला येळ लागतो,’ असे त्यांच्यातल्या एकाने मला पहिल्याच दिवशी सांगितले. हा लेख त्या मुलामुळे लिहितो आहे. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही.

एके दिवशी त्याने मला विचारले, ‘काका, रीळ घ्यायचंय. कंचा घेऊ?’

तोवर तो हातदोरी टाकीत असे. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसे आणि गळ, गळाला जिवंत कोळंबी. डोक्यावरून गरगर फिरवून तो ती दोरी अशी काही सोडी की माझा महागाचा रॉड त्याच्या पुढे शरमून जाई. पण जिताडा लागला की हातदोरी बोट कापते. त्याच्या उजव्या तर्जनीवर पांढरी रेघ होती. तीच रेघ मी लहानपणी माझ्या वडिलांच्या बोटावर पाहिली होती.

मी आयुष्यभर लोकांना कर्जे दिली. अर्ज वाचायचा, आकडे तपासायचे, शिफारस लिहायची. तेव्हा एका रिळाची शिफारस करणे मला काय जड होते? मी दुकानात गेलो, खोकी वाचली. एका खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : १२ अधिक १ बेअरिंग, १२ किलो ड्रॅग. रंग सोनेरी. किंमत १९०० रुपये. आकड्यांनी मी भारावून गेलो आणि त्याला म्हटले, ‘हेच घे.’ त्याने घेतले. त्याच्या चार-पाच दिवसांच्या हमालीचे ते पैसे होते.

दुसऱ्या महिन्यात, अमावास्येच्या उधाणानंतर पाणी सुकू लागले असताना, शेताच्या बांधाच्या उघाडीपाशी त्याच्या गळाला मोठा मासा लागला. शेतातले पाणी उघाडीतून बाहेर पडते, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी येते, आणि तोंडाशी जिताडा टपून असतो. माशाने पहिला हिसका दिला. अशा वेळी रिळाने थोडी दोरी सोडायची असते. त्या रिळाने सोडली नाही. काडकन आवाज झाला आणि तंगूस हवेत सैल होऊन परत आला.

तो एवढेच म्हणाला, ‘गेला, काका.’

रागावला असता तर मला बरे वाटले असते. बँकेत बुडीत गेलेली कर्जे मी पाहिली होती, पण ती बँकेची होती. हे एका पोराचे घामाचे पैसे होते आणि शिफारस माझी होती. मी पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. मग मी ते रीळ मागून घेतले आणि घरी आणून, वर्तमानपत्र पसरून, स्क्रू ड्रायव्हरने उघडले. तिथून माझे शिक्षण सुरू झाले.

बॉबिनचा धडा

हे रीळ मुळात आले कुठून, हे आधी सांगितले पाहिजे, कारण त्याचा भिवंडीशी लांबचा का होईना संबंध आहे. जुन्या पद्धतीच्या रिळात दोरी गुंडाळलेली चकती स्वतः फिरते. गळ फेकला की चकती गरगर फिरू लागते आणि शिसे पाण्यात पडले तरी थांबत नाही. मग दोरीचा असा गुंता होतो की सोडवताना भरती येऊन जाते. यावर उपाय काढला तो इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या अल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर आणि इलिंगवर्थ त्याच धंद्यातले. गिरणीत बॉबिन जागची हलत नाही आणि सूत तिच्या टोकावरून सरसर निघत राहते, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले. तीच युक्ती त्यांनी रिळाला लावली आणि १९०५ साली पेटंट घेतले. चकती स्थिर, दोरी टोकावरून सुटणारी. परत गुंडाळताना चकती फिरत नाही. तिच्याभोवती एक भुजा फिरते आणि दोरी गुंडाळते.

भिवंडीच्या शाखेत असताना यंत्रमागांच्या कर्जप्रकरणांसाठी मी अनेक कारखान्यांत गेलो आहे. धोट्यात बसवलेली कांडी, तिच्या टोकावरून सुटणारे सूत, तो कानठळ्या बसवणारा खडखडाट. पण गळ टाकायच्या रिळात तीच कांडी बसली आहे, हे मला ते उघडून पाहीपर्यंत सुचले नव्हते. मुलाला सांगितले तेव्हा तो हसला. त्याच्या आईने लग्नाआधी कांड्या भरायचे काम केले होते.

पुढे हे रीळ जगभर गेले. आज ज्या जपानी कंपनीचे नाव गळवाल्यांच्या तोंडी असते, ती शिमानो १९२१ साली साकाई गावात सुरू झाली ती सायकलचे फ्रीव्हील बनवायला. मासेमारीच्या सामानाकडे ती वळली १९७० साली. सायकलचे पायडल थांबले की जे कर्रर् वाजते, ते एका बाजूला फिरणारे आणि दुसऱ्या बाजूला अडणारे चक्र. रिळालाही नेमके असेच चक्र लागते : मूठ पुढे फिरावी, मागे फिरू नये.

आकडे आणि आतले सत्य

आता त्या सोनेरी रिळाच्या पोटात काय निघाले ते सांगतो. बेअरिंगे खरोखरच बरीच होती, पण जिथे हवे तिथे नव्हते. रिळाच्या तारेच्या कमानीला एक छोटी चकरी असते. दोरी पाण्यातून येते ती या चकरीवरून वळून आत जाते. म्हणजे खारे पाणी, रेती, चिखल सगळे पहिल्यांदा हिच्यावर येते. या चकरीत नुसते प्लॅस्टिकचे बूच होते आणि ते अडकून बसले होते. चकरी फिरत नाही म्हणजे दोरी घासते, आणि घासलेली दोरी एक दिवस तुटते. उरलेली बेअरिंगे साध्या पोलादाची. त्यांची तांबडी माती झाली होती. जितकी बेअरिंगे जास्त, तितक्या गंजायच्या जागा जास्त, हे गणित खोक्यावर छापलेले नसते. गंज न धरणारी तीन-चार चांगली बेअरिंगे आणि त्यांतले एक त्या चकरीत असेल, तर बाराचा मोह धरू नये.

दुसरा आकडा १२ किलो ड्रॅगचा. ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक. चकतीच्या पोटात वॉशरच्या थप्प्या असतात आणि वरची गुंडी पिळली की त्या एकमेकींवर आवळल्या जातात. मासा जोरात ओढू लागला की त्या घसरतात, दोरी सुटते, मासा दमतो. आमच्या खाडीवर जो तंगूस आम्ही वापरतो तो साधारण साडेपाच किलोला तुटणारा. ड्रॅग लावायचा तो दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे दीड-पावणेदोन किलोवर. दोरीच्या टोकाला हाताचा ताणकाटा अडकवून ओढावे आणि त्या आकड्याला दोरी सुटते की नाही ते पाहावे. मग १२ किलोचा ब्रेक घेऊन करायचे काय? तो लागण्याआधीच दोरी तुटलेली असते. महत्त्वाचे ते हे, की ब्रेक हलक्या हिसक्यालाही गुळगुळीत सुटला पाहिजे. आधी अडून मग झटक्याने सुटणारा ड्रॅग कितीही किलोचा असला तरी कुचकामी.

आमच्या रिळाचे वॉशर एकमेकांना चिकटून बसले होते. इथे मात्र एकट्या रिळाला दोष देता येत नाही. मासेमारी झाली की मुलगा ते तसेच पिशवीत टाकून गोदामात ठेवीत असे. न धुता, ब्रेक आवळलेला तसाच. धुवायचे असते, ब्रेक सैल करून ठेवायचा असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सांगायला हवे होते ते मी, आणि मलाच ते ठाऊक नव्हते.

हलके म्हणजे किती?

रिळावर १०००, २५००, ४००० असे आकडे असतात. ते मापाचे. आकडा मोठा, रीळ मोठे. पण हे आकडे वजनाचे नव्हेत, आणि एका कंपनीचे ३००० दुसरीच्या २५०० एवढे असू शकते. खाडीच्या काठावरून, सात-आठ फुटी रॉडने, बोय, काळुंदर, शिंगाळा, तांब आणि मध्यम जिताडा यांसाठी २५०० किंवा ३००० चे माप पुरते. त्यात ०.३० मिलिमीटर जाडीचा तंगूस शंभर-सव्वाशे मीटर मावतो. खाडीत याहून जास्त लागत नाही. अर्नाळा किंवा वसईच्या उघड्या किनाऱ्यावर लाटांच्या पलीकडे जड शिसे फेकायचे असेल, तर मात्र ४००० चे माप आणि लांब रॉड घ्यावा.

वजन किती असावे? अडीचशे ग्रॅमच्या आसपास. दुकानदाराचे ऐकू नये, खोक्यावरचे वाचावे, आणि शक्य तर काट्यावर ठेवावे. शंभर ग्रॅमचा फरक हातात घेताना कळत नाही. पण खोटा मासा लावून तीन तासांत दीड-दोनशे वेळा फेकले की साठीतल्या खांद्याला कळतो. दिवसभर खोकी उचलून आलेल्या पंचविशीतल्या खांद्यालाही कळतो, हे मला मागाहून उमगले. शिवाय नुसते रीळ हलके असून चालत नाही. रॉडला लावल्यावर मूठ जिथे धरतो तिथेच तोल साधला पाहिजे.

स्वस्त आणि हलके या दोन्ही गोष्टी हव्या असतील तर सांगाडा ग्रॅफाइट मिसळलेल्या प्लॅस्टिकचा घ्यावा. तो गंजत नाही. मोठ्या ताणाला थोडा वाकतो हे खरे, पण आमच्या खाडीत तेवढा ताण क्वचित येतो. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा मजबूत असतो, पण स्वस्त मालावरचा रंग खरवडला की खारे पाणी त्याला पांढरी बुरशी आल्यासारखे खाते. दोरीची चकती तेवढी अ‍ॅल्युमिनियमची असावी, कारण तिच्या कडेवरून दोरी सतत घासत जाते. मूठ एकदा फिरवल्यावर भुजा पाच-सव्वापाच वेळा फिरते, असे प्रमाण बहुतेक रिळांवर लिहिलेले असते. तेवढे पुरे.

दुकानात पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. मूठ अगदी हळू फिरवावी, जोरात नव्हे. जोरात फिरवली की सगळीच रिळे गोड वाटतात. खरखर हळू फिरवतानाच कळते. मूठ धरून हलवावी, खुळखुळता कामा नये. तारेची कमान हाताने उघडावी-मिटावी, टक असा स्पष्ट आवाज यावा. दोरी हाताने ओढून चकरी फिरते का ते पाहावे. ब्रेक सैल करून दोरी ओढावी, मग थोडा आवळून ओढावी. आणि शेवटी विचारावे : कमानीची स्प्रिंग मोडली तर मिळेल का? ‘नवीनच घ्या ना’ असे उत्तर आले तर दुसऱ्या दुकानात जावे.

आता पैशाचा हिशेब, म्हणजे माझ्या जुन्या सवयीचा. सातशे रुपयांचे रीळ घेतले आणि महिन्याला आठ खेपा केल्या. तीन महिन्यांत ते बसले. म्हणजे २४ खेपा, खेपेला सुमारे २९ रुपये. चोवीसशेचे घेतले, नीट राखले आणि वर्षाला ८० खेपा धरून चार वर्षे चालवले, तर ३२० खेपा, खेपेला साडेसात रुपये. गरिबाला स्वस्त वस्तू परवडत नाही असे आमचे एक जुने शाखाधिकारी म्हणत. पण त्याच गरिबाकडे एका वेळी चोवीसशे रुपये नसतात, हेही त्यांना ठाऊक होते. तेवढ्यासाठीच तर बँक असते.

आम्ही यावर तोड काढली. दोघांनी निम्मे-निम्मे घालून एक साधे काळे रीळ घेतले. चार बेअरिंगे, अडीचशे ग्रॅमच्या आतबाहेर, ब्रेक पाच किलोच्या आतला. मुलगा म्हणाला, ‘दिसायला काय नाय.’ मी म्हटले, ‘म्हणूनच घेतलं.’ रविवारची सकाळ माझी, बाकी सगळे त्याचे.

राखण्याचे नियम त्याने स्वतः ठरवले. घरी आल्यावर ब्रेक आवळायचा, म्हणजे पाणी आत जात नाही. मग गोड्या पाण्याची बारीक धार वरून सोडायची. नळाखाली जोरात धरायचे नाही, आणि बादलीत तर बुडवायचेच नाही. बुडवले की मीठ धुतले जात नाही, आत शिरते. फडक्याने पुसायचे, सावलीत वाळवायचे, ब्रेक सैल करायचा, चकरीवर आणि मुठीच्या सांध्यावर तेलाचा एकेक थेंब. तंगूस चकतीच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खाली राहील इतकाच भरायचा. जास्त भरला तर भसकन सुटून गुंता होतो, कमी भरला तर लांब जात नाही. आणि तुटलेला तंगूस तिवरांत टाकायचा नाही, खिशात घालायचा. त्यात पाय अडकून मेलेला बगळा आम्ही दोघांनी पाहिला होता.

आमचे रीळ आता तिसऱ्या वर्षात आहे. एकदा उघडून ग्रीस भरले, कमानीची स्प्रिंग एकदा बदलली, बाकी काही नाही.

मागच्या शरदात त्याच उघाडीपाशी जिताडा लागला. ब्रेक सुटला, सर्रर् असा एकसारखा आवाज आला. मुलाने घाई केली नाही. मासा तीनदा पळाला, तीनदा परत आला. काठाला आला तेव्हा हातभर होता. जिताड्याची एक गंमत आहे : तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे बारकी मारली तर मादी व्हायला कोणी उरत नाही आणि सगळी मोठी मारली तर अंडी घालायला कोणी उरत नाही. राज्य शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिले, ते अशाच विचाराने. मी हे सगळे त्याला पूर्वी सांगितले होते. तरी त्या क्षणी मी काही बोललो नाही. मासा त्याचा होता. बाजारात त्याचे काय मोल येते ते मला माहीत होते, आणि पहिला गेलेला मासाही मी विसरलो नव्हतो.

त्याने मासा पाण्यातच धरून ठेवला, थोडा वेळ पाहिला. मग म्हणाला, ‘पावसाळा सरला की इथल्या माशाला वास मारतो, काका. घरी कोण खात नाय. इकायचा म्हणजे दुसऱ्याच्या घरी वास.’ कल्याणपाशी वालधुनी या नदीला मिळते आणि तिच्याबरोबर कारखान्यांचे, शहरांचे काय काय येते ते नाकाला कळते. त्याने गळ काढला आणि हात सैल केला. मासा क्षणभर तिथेच राहिला, मग चिखलाचा एक ढग उठला.

रीळ चांगले निवडता येते. त्याला उशीर होतो, एखादी चूक होते, पण माणूस शिकतो. खाडी दुकानात मिळत नाही. ती बसली, तर तिची स्प्रिंग कुठून आणायची, याचा हिशेब माझ्या कोणत्याच खातेवहीत नाही.

निघताना त्याने रीळ रॉडवरून सोडवले, रुमालात गुंडाळले आणि माझ्या हातात दिले. दुसऱ्या दिवशी रविवार होता.